डॅम्पर की फ्रिक्शन हिंज? गाडीच्या छतावरच्या गॉगल होल्डरसाठी योग्य निवड

आतल्या आरशाच्या वर, छतातल्या दिव्यांच्या शेजारी असलेला गॉगल होल्डर दाबून सोडला की त्याचे झाकण सावकाश खाली येते. सन व्हायजर खाली ओढला तर तोही धाडकन पडत नाही, हात थांबेल तिथे थांबतो. दोन्हीकडे हालचाल संथ दिसते, त्यामुळे आत एकच भाग असावा असा समज होतो. प्रत्यक्षात गॉगल होल्डरमध्ये साधारणपणे रोटरी डॅम्पर, म्हणजे घट्ट तेलाने फिरण्याचा वेग रोखणारा भाग, असतो, तर व्हायजर घर्षणाच्या पकडीवर उभा असतो. बिजागरात हीच पकड असली की त्याला फ्रिक्शन हिंज किंवा टॉर्क हिंज म्हणतात. छतावरचा कप्पा डिझाइन करताना या दोघांची अदलाबदल झाली, तर झाकण एकतर उघडतच नाही किंवा गॉगलसकट कोसळते.

ओळखायची सोपी रीत आहे. झाकण अर्ध्यावर आणा आणि हात काढा. ते तिथेच राहिले तर घर्षण आहे, हळूहळू सरकत खाली गेले तर डॅम्पर. मग तेच झाकण एकदा सावकाश आणि एकदा झटक्यात ढकलून बघा. घर्षणाचा विरोध दोन्ही वेळा जवळपास सारखाच लागतो. डॅम्परचा विरोध वेगासोबत वाढतो आणि हालचाल थांबली की शून्य होतो.

कॅटलॉगमध्ये दोघांपुढेही ‘टॉर्क’, म्हणजे फिरवणारा जोर, लिहिलेला असतो, एकक तेच न्यूटन-सेंटिमीटर, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. फ्रिक्शन हिंजपुढे ५ लिहिले असेल तर झाकण हलायला साधारण ५ न्यूटन-सेंमी लागणार, एवढाच त्याचा अर्थ. डॅम्परपुढचा आकडा मात्र ठरावीक वेगाला आणि ठरावीक तापमानाला मोजलेला असतो. बऱ्याच कॅटलॉगमध्ये २० आरपीएम (मिनिटाला २० फेरे) आणि २३ अंश. वेग न सांगता डॅम्परचा टॉर्क सांगणे म्हणजे अर्धीच माहिती देणे. ड्रॉइंगवर नुसते ‘टॉर्क ५, सॉफ्ट ओपन’ लिहून पुरवठादाराकडे पाठवले तर दोघांपैकी काय येईल याचा भरवसा नाही.

दोघांच्या पोटात काय असते ते थोडक्यात. छोट्या गिअर डॅम्परमध्ये प्लास्टिकची डबी, तिच्यात फिरणारा रोटर, दोघांमधल्या बारीक फटीत घट्ट सिलिकॉन तेल, तेल बाहेर येऊ नये म्हणून ओ-रिंग आणि बाहेर आलेल्या टोकावर पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक. रोटर फिरला की फटीतले तेल कातरले जाते, म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि तो कातर विरोध करतो. फ्रिक्शन हिंजमध्ये स्टीलच्या पिनभोवती स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या किंवा क्लिपा घट्ट आवळलेल्या असतात. स्वस्तातला प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या भोकात जाम बसवलेली पिन.

एकाच झाकणावर दोघांची परीक्षा

नमुना म्हणून एक झाकण घेऊ. झाकणाचे वजन ८० ग्रॅम, गॉगल ४० ग्रॅम. बंद असताना झाकण जवळपास आडवे आहे आणि ते ६० अंश उघडते. गॉगलसकट गुरुत्वमध्य बिजागरापासून ४५ मिमी, रिकाम्या झाकणाचा ३५ मिमी, आणि झाकणाची पुढची कड ९० मिमीवर. उघडायच्या क्षणी गुरुत्वाकर्षणाचा टॉर्क भरलेल्या झाकणाला ०.१२ × ९.८१ × ४.५ म्हणजे सुमारे ५.३ न्यूटन-सेंमी येतो, रिकाम्याला सुमारे २.७५. झाकण खाली येईल तसा तो कमी होतो आणि ६० अंशांवर निम्मा उरतो.

आता इथे ३ न्यूटन-सेंमीची फ्रिक्शन हिंज लावून बघा. रिकामे झाकण उघडणारच नाही, कारण २.७५ हा आकडा ३ पेक्षा कमी आहे. गॉगल ठेवला की तेच झाकण सुटते, आणि सुटले की वेग घेत राहते, कारण घर्षण वेगाप्रमाणे वाढत नाही. ऊर्जेचा हिशोब केला तर पुढची कड शेवटी सेकंदाला सुमारे ९० सेंटिमीटर वेगाने थांब्यावर आदळते. काहीच लावले नसते तर हा वेग दीड मीटरच्या आसपास असता. म्हणजे हिंज लावूनही आदळणे आदळणेच राहिले. योग्य डॅम्पर लावल्यावर कडेचा वेग सेकंदाला ८ सेंटिमीटरच्या आसपास राहतो.

मग हिंज जास्त घट्ट घ्यावी का? अशा हिंजांमध्ये टॉर्क २० टक्के इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे. म्हणून भरलेले झाकण कुठेही थांबायला किमान ६.६, आणि पुढची झीज धरली तर ८ न्यूटन-सेंमीची हिंज घ्यावी लागेल. ती लावली की दाबून सोडल्यावर काहीच घडणार नाही, झाकण बोटाने ओढूनच उघडावे लागेल. एवढे करून खड्ड्यात गाडी आपटली आणि झाकणावर २ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट भार, आला तर टॉर्क १०.६ वर जातो आणि अर्धवट उघडे झाकण दर खड्ड्याला थोडे थोडे खाली घसरते. शिवाय स्थिर घर्षण हे सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असते, त्यामुळे सावकाश ओढताना झाकण अडकत अडकत येते आणि कर्रकर्र वाजते. ड्रायव्हरच्या कानाजवळच्या भागात हा आवाज खपवून घेऊ नये.

छतावरच्या, आपोआप खाली उघडणाऱ्या कप्प्याला डॅम्परच हवा, हे आमचे स्पष्ट मत आहे. हाताने ओढायचा आणि मध्ये कुठेही थांबवायचा फ्लॅप असेल तर फ्रिक्शन हिंज घ्या. वर उघडणारे जड झाकण असेल, कॅम्परव्हॅनच्या कपाटासारखे, तर दोन्ही अपुरे. तिथे गॅस स्प्रिंग लागते.

डॅम्परचा आकडा कसा काढायचा

६० अंश १.२ सेकंदांत उघडावे असे ठरवू. एका सेकंदाहून कमी वेळ घाईचा वाटतो आणि दोनच्या पुढे माणूस हाताने ओढू लागतो. म्हणजे सेकंदाला ५० अंश, बिजागरावर ८.३ आरपीएम. झाकणाच्या बाजूला ०.८ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप), २० मिमी पिच त्रिज्येचा गिअर सेक्टर, म्हणजे दातेरी चाकाचा तुकडा, घ्या. पूर्ण चाक असते तर त्याला ५० दात आले असते. ६० अंशांत साडेआठ दातही मावत नाहीत, पण दोन्ही टोकांना पकड सुटू नये म्हणून १० ते ११ दात काढा. डॅम्परचे पिनियन १० दातांचे, पिच व्यास ८ मिमी. गुणोत्तर ५ आले, म्हणजे डॅम्पर सुमारे ४२ आरपीएमने फिरणार.

केवळ गुरुत्वाकर्षणावर विसंबू नका. गाडी चढावर किंवा उतारावर उभी असेल, बिजागर थोडे घट्ट झाले असेल, तर रिकामे झाकण अर्ध्यावर लटकते. सरासरी २ न्यूटन-सेंमी देणारी टॉर्शन स्प्रिंग लावा. तिचा दुसरा फायदा जास्त मोलाचा आहे. स्प्रिंग नसताना भरलेल्या आणि रिकाम्या झाकणाच्या टॉर्कमध्ये जवळपास दुपटीचा फरक पडतो, म्हणजे एक १.२ सेकंदांत उघडते तर दुसऱ्याला २.३ सेकंद लागतात. स्प्रिंग धरून सरासरी टॉर्क ६.४ आणि ४.३ होतात, आणि रिकाम्या झाकणाचा वेळ १.८ सेकंदांवर येतो. फार मोठी स्प्रिंग लावली तर झाकण बंद करायला जोर लागतो आणि झाकण बंद धरणाऱ्या लॅचवर कायम ताण राहतो, म्हणून २ ते ३ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

६.४ ला ५ ने भागा: डॅम्परकडून ४२ आरपीएमला सुमारे १.३ न्यूटन-सेंमी हवेत. कॅटलॉगमधला २० आरपीएमचा आकडा बघून थेट निवड करू नका. वेग-टॉर्कचा आलेख मागा आणि त्यावर ४२ च्या रेषेवर काय मिळते ते वाचा. वेग दुप्पट झाला म्हणून टॉर्क बरोबर दुप्पट होत नाही, कारण घट्ट सिलिकॉन तेल जास्त कातराखाली थोडे सैल पडते.

गुणोत्तराबाबत एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे चांगले डिझायनरही फसतात. बिजागराला जाणवणारे डॅम्पिंग गुणोत्तराच्या वर्गाने बदलते, कारण गिअर डॅम्परचा वेगही वाढवतो आणि त्याचा टॉर्कही. जागा कमी पडली म्हणून सेक्टरची त्रिज्या २० वरून १६ मिमी केली तर गुणोत्तर ५ चे ४ होते, पण डॅम्पिंग २५ चे १६ होते. १.२ सेकंदांचे उघडणे पाऊण सेकंदावर येते. डॅम्पर तोच, झाकण तेच, आणि तक्रार मात्र ‘डॅम्पर खराब आला’ अशी होते. फ्रिक्शन हिंजला हा प्रश्नच नसतो. ती थेट अक्षावर बसते आणि लिहिला असेल तेवढा टॉर्क देते.

उन्हात काय होते

वैशाख वणव्यात दुपारभर उभ्या असलेल्या गाडीत छताखालचा भाग खूप तापतो, म्हणून हे भाग ८० अंश आणि त्यापुढे तपासले जातात. सिलिकॉन तेल खनिज तेलाच्या मानाने तापमानाला खूप कमी दाद देते, तरीही २५ वरून ८० अंशांवर गेले की ते सुमारे अडीचपट पातळ होते. उणे १० अंशांवर दुपटीहून घट्ट होते. म्हणजे १.२ सेकंदांचे झाकण तापलेल्या गाडीत अर्ध्या सेकंदात येईल आणि लेहच्या थंडीत अडीच सेकंद घेईल. ही दोन्ही टोके मान्य आहेत का, ते आधी ठरवा. उन्हातले अर्धे सेकंद नको असतील तर खोलीच्या तापमानाला १.५ सेकंद धरून डॅम्पर निवडा.

धातूच्या फ्रिक्शन हिंजवर उष्णतेचा असा परिणाम होत नाही. पण प्लास्टिकात जाम बसवलेल्या पिनची पकड उन्हाळागणिक ढिली पडते, कारण ताणाखाली तापलेले प्लास्टिक आपला ताण सोडून देते. गाडी थंड झाली तरी गेलेला टॉर्क परत येत नाही. डॅम्परचा येतो.

दोघांनाही न जमणारे काम

बंद झाकण धरून ठेवणे हे लॅचचे काम. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०१ या वाहन-सुरक्षा नियमात डॅशबोर्ड, कन्सोल अशा ठिकाणच्या कप्प्यांची झाकणे आडव्या आणि उभ्या दिशेने १० जी धक्क्यात बंद राहावीत अशी अट आहे. छतावरच्या झाकणालाही किमान तीच कसोटी लावावी असे आम्हाला ठामपणे वाटते, कारण ते डोक्याच्या वर आहे. आपल्या झाकणाला १० जी म्हणजे ५३ न्यूटन-सेंमी, आणि ९० मिमीवरच्या लॅचला सुमारे ६ न्यूटन, वर स्प्रिंगचे वेगळे. घट्ट हिंज आहे म्हणून हलका लॅच चालेल, हा हिशोब इथे कोसळतो.

पुश-पुश लॅच (एकदा दाबले की अडकणारा, पुन्हा दाबले की सुटणारा) सुटायला झाकण आणखी २ ते ३ मिमी आत जावे लागते. तेवढी मोकळी जागा कडेच्या फटीत आणि रबरी बफरच्या दबण्यात ठेवा. बफर कडक निघाला तर लॅच सुटतच नाही, आणि दोष मात्र डॅम्परला लागतो.

डॅम्पर झाकणाला मध्ये कुठे थांबवूही शकत नाही. होंडा सीआर-व्हीच्या काही मॉडेलांमध्ये हाच कप्पा मागच्या सीटवरची मुले दिसावीत म्हणून आरशाचेही काम करतो. झाकण पूर्ण उघडून पहिल्या खाचेपर्यंत वर ढकलायचे. ती जागा धरते ती खाच. असे काही हवे असेल तर डॅम्परसोबत खाचेत अडकणारी वेगळी डिटेंट स्प्रिंग द्या.

जोडणीत बिघडणाऱ्या गोष्टी

स्प्रिंग एका टोकाला आणि डॅम्पर दुसऱ्या टोकाला बसवला की झाकण पिळवटते, एक कोपरा आधी खाली येतो. दोन्ही एकाच बाजूला ठेवा, लॅच मध्ये. गिअरच्या दोन अक्षांतले अंतर हिशोबाने २४ मिमी येते, त्यात ०.१ ते ०.२ मिमी वाढवा. वाढवले नाही तर दात अडकतात. फार वाढवले तर झाकण आधी मोकळे पडते आणि मग अडते. दातांत ०.१५ मिमी ढिलाई असेल तर कडेला ती सुमारे ०.७ मिमी दिसते, म्हणून याहून सैल ठेवू नका. कोणी झाकण आपटून बंद केले तर डॅम्परचा विरोध अनेक पटींनी वाढतो आणि सेक्टर वाकून दात उडी मारतो. सेक्टरला मागून रिब द्या, किंवा एकाच दिशेने अडवणारा डॅम्पर घ्या.

तेलात हवेचा बुडबुडा राहिलेला डॅम्पर दर फेऱ्यात थोडा रिकामा फिरतो. आलेल्या मालातले नमुने तपासायला यंत्र लागत नाही. पिनियनवर १० मिमी त्रिज्येची रीळ बसवा, दोरा गुंडाळा, १०० ग्रॅम वजन टांगा. रिळीवर ०.९८ न्यूटन-सेंमी येतात. पाच फेऱ्यांना, म्हणजे ३१ सेंमी दोऱ्याला, लागणारा वेळ मोजा. मध्येच वजन झटकन सरकले तर बुडबुडा आहे, आणि वजन नुसतेच लटकून राहिले तर पुरवठादाराने डॅम्परऐवजी घर्षणाचा भाग पाठवला आहे.

टिकाऊपणासाठी रोज ४ वेळा उघडझाप धरली तर १० वर्षांत १४,६०० होतात, तेव्हा १५,००० पेक्षा कमी फेऱ्यांवर चाचणी थांबवू नका. त्यातल्या काही हजार फेऱ्या ८० अंशांवर, झाकणात गॉगलचे वजन ठेवून करा. चाचणी संपली की डॅम्परच्या खाली पांढरा कागद रात्रभर ठेवा. ओ-रिंगमधून तेल पाझरत असेल तर सकाळी कागदावर डाग दिसेल. गाडीत हाच डाग छताच्या कापडावर पडतो, आणि सिलिकॉनचा डाग कापडातून सहज निघत नाही.