फोन मुलाच्या हातात देण्याआधी एवढं करून घ्या

पालकांनो, नमस्कार.

आमचं दुकान मोबाइल विक्रीचं आणि दुरुस्तीचं. शाळा सुरू झाल्या की काउंटरवर एक प्रश्न रोज येतो: "याला काही लॉक बसतं का हो? मुलगा सारखा यूट्यूबवर असतो." बसतं. फुकट बसतं, आणि बरंचसं फोनमध्ये आधीपासूनच असतं. त्यासाठी पैसे देऊन वेगळं अ‍ॅप घ्यायची गरज नाही. पण दुकानातल्या गर्दीत सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक घरी निवांत वाचा.

सुरुवात आईच्या फोनपासून

आमच्याकडे येणाऱ्या घरांत पाचवीपर्यंतच्या बहुतेक मुलांना स्वतःचा फोन नसतो. गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो म्हणून आईचा फोन, जेवताना बाबांचा आणि दुपारी आजोबांचा, असं चालतं. म्हणून मुलाच्या फोनचा विचार नंतर करा, आधी आपले फोन बघा.

सेटिंगमध्ये फिंगरप्रिंटची यादी उघडा. तिथे फिंगर १, फिंगर २, फिंगर ३ अशी नावं दिसतील. तिसरं बोट कुणाचं? परवाच एका ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मुलीचं. सारखी उघडून मागायची, म्हणून मीच घातलं." प्ले स्टोअरला खरेदी बोटाच्या ठशावर मंजूर करायची परवानगी दिलेली असेल, तर तेच बोट गेममधली नाणीही विकत घेतं. ते बोट काढून टाका. मग प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबून सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल असं करा. खात्याला कार्ड जोडलेलं असेल आणि लागत नसेल, तर तेही काढा.

पॅटर्न लॉकवर विसंबू नका. फोन उजेडात थोडा तिरका धरला की काचेवर बोटाचा माग दिसतो, आणि मुलांना तो वाचता येतो. सहा आकडी पिन ठेवा. यूपीआयचा पिन त्याहून वेगळा हवा आणि मूल मांडीवर बसलेलं असताना तो टाकू नका.

लहानग्याला एखादं गाणं दाखवायला फोन देताना अ‍ॅप पिनिंग वापरा. हे फारच थोड्या लोकांना माहीत असतं. सेटिंगच्या शोधपट्टीत 'पिन' असं लिहिलं की ते सापडतं. एकदा सुरू केलं, की नुकत्याच उघडलेल्या अ‍ॅपच्या यादीत त्याच्या चिन्हावर दाबून ते अ‍ॅप खिळवून ठेवता येतं. मूल त्यातून बाहेर पडून तुमचे फोटो, मेसेज किंवा बँक उघडू शकत नाही. बाहेर पडताना पिन मागण्याचा पर्यायही तिथेच असतो, तो चालू ठेवा. आयफोनवर हेच काम गाइडेड अ‍ॅक्सेस करतं.

आणि आजोबांच्या फोनला लॉक लावा. घरातली सगळी दारं बंद झाली की मूल तिकडेच जातं.

मुलाचा स्वतःचा फोन असेल तर

अँड्रॉइड फोनसाठी गूगलचं फॅमिली लिंक हे अ‍ॅप आहे. आम्ही हेच बसवून देतो. मुलाच्या नावाने गूगल खातं काढायचं, ते तुमच्या खात्याला जोडायचं, आणि पुढचं सगळं तुमच्या फोनवरून चालतं. दिवसाला किती वेळ, रात्री किती वाजता बंद, कोणत्या अ‍ॅपला किती मिनिटं हे ठरवता येतं. नवीन अ‍ॅप घ्यायचं असेल तर आधी तुमच्याकडे विचारणा येते. फोन कुठे आहे तेही दिसतं. मुलाचे मेसेज मात्र यात वाचता येत नाहीत, आणि ते बरंच आहे.

खातं काढताना जन्मवर्ष खरं टाका, ही आमची कळकळीची विनंती. खातं झटकन निघावं म्हणून मुलाचा जन्म १९९५ साली दाखवलेले कितीतरी फोन आमच्या टेबलावर येतात. त्या खात्याच्या हिशेबी तुमचा नऊ वर्षांचा मुलगा तिशीतला गृहस्थ असतो आणि त्याला तशाच गोष्टी दाखवल्या जातात. मुलांसाठीचं संरक्षण बहुतेक सगळीकडे वयावरच सुरू होतं. इन्स्टाग्रामचंच बघा. तिथे तेराच्या आत खातं काढता येत नाही. त्यापुढच्या किशोरांचं खातं आपोआप खासगी राहतं, रात्री १० ते सकाळी ७ सूचना शांत होतात आणि सोळाच्या आतल्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय हे सैल करता येत नाही. खोट्या वयाच्या खात्याला यातलं काही मिळत नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानलं आहे.

मुलाच्या फोनवर तुमचं स्वतःचं गूगल खातं ठेवू नका. ते राहिलं तर समोरचं दार बंद आणि मागचं उघडं अशी गत होते. फॅमिली लिंकची वेबसाइट गाळणारी चाळणी क्रोममध्येच चालते, त्यामुळे बाकीचे ब्राउझर बंद करा.

मुलाकडे आयफोन असेल तर फॅमिली लिंक त्या फोनला आवर घालू शकत नाही. तिथे सेटिंगमधलं स्क्रीन टाइम वापरावं लागतं. त्याचा चार आकडी पासकोड फोन उघडण्याच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो विसरून आलेले पालक आम्ही पाहिले आहेत आणि त्यांची फार धावपळ होते.

यूट्यूब, टीव्ही, वाय-फाय

नऊच्या आतल्या मुलांना यूट्यूब किड्स द्या. त्यात शोध बंद करता येतो. 'फक्त मी मंजूर केलेलंच' हा पर्याय निवडला, तर तुम्ही स्वतः पाहून निवडलेलेच व्हिडिओ दिसतात. सुरुवातीला एक संध्याकाळ जाते, पण सगळ्यांत निर्धोक तेच. त्याहून मोठ्या मुलांसाठी नेहमीच्या यूट्यूबवर पालकांच्या देखरेखीचं खातं काढता येतं. त्यात नऊच्या पुढचं, तेराच्या पुढचं आणि जवळपास सगळं अशा तीन पायऱ्या आहेत.

टीव्हीकडे लोकांचं लक्षच नसतं. फोनवर सगळं बसवतात आणि हॉलमधल्या स्मार्ट टीव्हीवर बाबांचंच खातं चालू असतं. यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ लपवणारी सोय) प्रत्येक उपकरणावर वेगळा चालू करावा लागतो, फोनवर केला म्हणून टीव्हीवर होत नाही. ओटीटीचं काम सोपं आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार कार्यक्रमांवर ७+, १३+, १६+ असे शिक्के असतात आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय देणं बंधनकारक आहे. मुलाचं प्रोफाइल वेगळं करा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. पिन न लावता नुसतं वेगळं प्रोफाइल करून उपयोग नाही.

घरात वाय-फाय असेल तर राउटरच्या डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सोय) सेटिंगमधल्या दोन रकान्यांत १.१.१.३ आणि १.०.०.३ हे आकडे भरा (इंग्रजी आकड्यांत). ही क्लाउडफ्लेअर या कंपनीची मोफत सेवा आहे. अश्लील आणि फसव्या साइट ती घरातल्या सगळ्याच उपकरणांवर अडवते. मात्र सिमकार्डाच्या डेटावर राउटरची ही चाळणी चालत नाही.

कुठे निसटतं

मुलं हुशार असतात. काही फोनमध्ये सेकंड स्पेस नावाची सोय असते, म्हणजे एका फोनात दुसरा लपलेला फोन. तो आहे का ते तपासा. मित्राने पाठवलेली अ‍ॅपची फाइल प्ले स्टोअरला वळसा घालून बसते, म्हणून अनोळखी ठिकाणची अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद ठेवा. कधी मूल सगळा फोनच रीसेट करतं. महिन्यातून एकदा सगळं जागेवर आहे का ते बघा, पाच मिनिटं पुरतात.

मूल समोर हवं

या पत्रकात आम्हाला सगळ्यांत मनापासून सांगायचं आहे ते हेच: सेटिंग करताना मुलाला शेजारी बसवा. मागच्या महिन्यात सातवीतला एक मुलगा आईबरोबर आला होता. आई म्हणाली अर्धा तास, तो म्हणाला तीन तास. काउंटरवरच बोलणी झाली. शाळेच्या दिवशी एक तास, रविवारी दोन, आणि मॅच असेल त्या दिवशी आधी विचारायचं असं ठरलं. ते आकडे त्याने स्वतःच्या हाताने भरले. झोपेत असताना गुपचूप बसवलेलं कुलूप मुलं दोन दिवसांत फोडतात. स्वतः ठरवलेलं बहुतेक जण पाळतात, असा आमचा अनुभव आहे.

म्हणूनच मुलाला कळू न देता हेरगिरी करणारी अ‍ॅप आम्ही बसवून देत नाही, कृपया आग्रह करू नका. अशा अ‍ॅपकडे मुलाचे फोटो आणि बोलणं जातं, ते पुढे कुठे जातं हे तुम्हालाही कळत नाही. आणि मुलाला ते समजलं की अडचणीच्या वेळी ते तुमच्याकडे येणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तिथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात आणि मोठेही फोन खाली ठेवतात. मोठ्यांनी ठेवला म्हणून मुलांनी ठेवला. रात्री सगळ्यांचे फोन हॉलमधल्या एकाच बोर्डावर चार्जिंगला लावा, तुमचाही.

काही घडलंच तर

कुणी मुलाला ऑनलाइन धमकावत असेल, फोटो मागत असेल, पैसे गेले असतील, तर आधी त्याच्यावर ओरडू नका. मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट घ्या. पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० ला लगेच फोन करा, जितका लवकर तितकं बरं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

सेटिंग करून हवं असेल तर

फोन आमच्याकडून घेतलेला असो वा नसो, या कामाचे पैसे आम्ही घेत नाही. दुपारी २ ते ४ गर्दी कमी असते, तेव्हा या. दोन्ही फोन चार्ज करून आणा, तुमच्या जीमेलचा पासवर्ड आठवून या (निम्मा वेळ त्यातच जातो) आणि मुलाला सोबत आणा.