पेट्रोलच्या टाकीत ऊर्जा कुठे असते?

इंधनाच्या रेणूंमधले बंध तुटतात आणि त्यांत साठलेली ऊर्जा बाहेर पडते, हे शाळेपासून अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात चक्क उलटं घडतं. कुठलाही रासायनिक बंध तोडायचा तर ऊर्जा खर्च करावी लागते. ऊर्जा मोकळी होते ती नवे बंध जुळताना. हवेचा स्पर्श होऊ न देता मिथेन हा इंधनवायू प्रचंड तापवला, तर त्याचं कार्बन आणि हायड्रोजनमध्ये विघटन होतं. पण त्यासाठी बाहेरून सतत उष्णता द्यावी लागते. ती थांबवली की विघटनही थांबतं. ऊर्जा मिथेनच्या बंधांतच कोंडलेली असती, तर असं झालं नसतं.

हिशेबच मांडू. पेट्रोलमध्ये मुख्यतः हायड्रोकार्बन असतात, म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजनची संयुगं. मिथेन हा त्यांतला सगळ्यात साधा: मधोमध एक कार्बन आणि त्याला जोडलेले चार हायड्रोजन. १६ ग्रॅम मिथेनमधले सगळे बंध तोडायला साधारण १,६५० किलोज्यूल लागतात. तो जाळायला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, त्याचे बंध तोडायला आणखी १,००० किलोज्यूल. खर्च झाला २,६५०. मग सुट्या अणूंची नवी जुळणी होते. कार्बन डायऑक्साइड तयार होताना सुमारे १,६०० आणि पाण्याची वाफ तयार होताना सुमारे १,८५०, असे ३,४५० किलोज्यूल जमा होतात. शिल्लक ८००. ज्योतीची सगळी धग या शिलकीतून येते. (ज्योतीत आधी सगळे बंध तुटतात आणि मग नवे जुळतात असं नाही, दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने सोबतच चालतात. शिल्लक मात्र तेवढीच राहते.)

या जमाखर्चातली मेख ऑक्सिजनमध्ये आहे. त्याच्या रेणूतला बंध दुहेरी असूनही तसा कमकुवत असतो. कार्बन डायऑक्साइडमधला दुहेरी बंध त्याच्या दीडपटीहून मजबूत. त्यामुळे इंधनाची ऊर्जा सांगताना ऑक्सिजनचं नावही न घेणं मला अन्यायाचं वाटतं. एक किलो पेट्रोल जाळायला जवळपास साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. गाडीला तो वाटेत हवेतून मिळतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. रॉकेटला ही चैन परवडत नाही. चंद्राकडे गेलेल्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात केरोसीन होतं आणि त्याच्या दुपटीहून अधिक वजनाचा द्रवरूप ऑक्सिजन होता. टीएनटी या स्फोटकाचंही तसंच. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून हवेची वाट न पाहता ते क्षणात फुटतं. पण किलोमागे मिळणारी ऊर्जा पाहिली, तर हवेत जळणारं पेट्रोल टीएनटीपेक्षा सुमारे दहापट सरस ठरतं!

मग सौदा इतका फायद्याचा असताना टाकीतलं पेट्रोल आपणहून पेट का घेत नाही? कारण सुरुवातीचे बंध तोडण्यासाठी थोडी ऊर्जा आगाऊ द्यावी लागते आणि हायड्रोकार्बनमधले बंध चिवट असतात. ठिणगीचं काम तेवढंच. एकदा सुरुवात झाली की निघालेली उष्णता पुढच्या रेणूंना पुरते. आवर्तसारणीत कार्बनच्या अगदी खाली असलेल्या सिलिकॉनचा मिथेनसारखाच एक जोडीदार आहे, सिलेन. तो हवेत येताच सहसा स्वतःहून पेटतो. शिवाय सिलिकॉन-सिलिकॉन बंध दुबळा, त्यामुळे त्याच्या लांब साखळ्या फारशा टिकत नाहीत. कार्बनच्या मात्र शेकडो, हजारो अणूंच्या साखळ्या निवांत नांदतात. सेंद्रिय रसायनशास्त्र नावाची अख्खी शाखा उभी राहिली ती याच्या जोरावर.

इंधनांपुरतं बोलायचं तर साखळीच्या लांबीने उष्णतेत फार फरक पडत नाही. मिथेन किलोमागे सुमारे ५० मेगाज्यूल देतो, तर पेट्रोल-डिझेलमधले हायड्रोकार्बन ४३ ते ४५. लांबीने बदलतं ते शेजारच्या रेणूंमधलं आकर्षण. रेणूच्या आतल्या बंधांपुढे हे आकर्षण अगदीच क्षीण असतं, पण साखळी लांबली की वाढत जातं. चार कार्बनचा ब्युटेन शून्य अंश सेल्सिअसच्या जरासा खालीच उकळतो, सहा कार्बनचा हेक्झेन ६९ अंशांना, आठ कार्बनचा ऑक्टेन १२६ अंशांना. वीस-तीस कार्बनपर्यंत पोचलात की मेण झालं. तेलशुद्धीकरण कारखान्यातला उंच मनोरा याच फरकावर चालतो. तापवलेल्या कच्च्या तेलाची वाफ वर चढत थंड होते आणि प्रत्येक उंचीवर वेगळा भाग द्रवरूप होऊन बाजूला काढता येतो. डांबराचा ऐवज तळाशीच राहतो.

आकाराची गोष्ट लांबीपेक्षा रंजक आहे. आठ कार्बन आणि अठरा हायड्रोजन एवढ्याच सामग्रीतून १८ वेगवेगळ्या मांडण्या होतात. अशा संयुगांना समघटक म्हणतात. त्यातल्या सरळ साखळीच्या ऑक्टेनला आणि भरपूर फांद्या फुटलेल्या आयसोऑक्टेनला जाळलं तर उष्णता जवळपास सारखीच मिळते. इंजिनात मात्र दोघांचा स्वभाव पार निराळा. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडून ज्योत पसरत असताना उरलेलं मिश्रण दाबाने तापत जातं. सरळ साखळीचे रेणू तेवढ्यानेच भडकतात आणि इंजिन ठोके देऊ लागतं. फांद्यांचे रेणू दम धरतात. म्हणून १९२०च्या दशकात ऑक्टेन क्रमांकाची मोजपट्टी ठरवताना आयसोऑक्टेनला १०० गुण दिले गेले आणि सात कार्बनच्या सरळ हेप्टेनला शून्य. सरळ ऑक्टेनचा क्रमांक तर शून्याच्याही खाली जातो! डिझेल इंजिनाचं गणित बरोबर उलटं. तिथे ठिणगी नसतेच, दाबून तापवलेल्या हवेत इंधनाने आपणहून चटकन पेटावं अशीच अपेक्षा असते. म्हणून तिथल्या मोजपट्टीवर १०० गुण मिळतात ते सोळा कार्बनच्या सरळ साखळीला.

हेच ठोके टाळण्यासाठी १९२१ साली टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये मिसळण्याची युक्ती निघाली. शिसं विषारी असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. तरीही गाड्यांच्या पेट्रोलमधून ते जगभरातून हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडलं.

जळून गेल्यावर काय उरतं? ऑक्सिजनचं वजन धरलं नाही तर पुढचा आकडा खोटा वाटेल: एका किलो पेट्रोलपासून तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि वर सव्वा किलोहून जास्त पाणी. हे दोन्ही पदार्थ रासायनिकदृष्ट्या खालच्या पायरीवर जाऊन बसलेले असतात. त्यांच्यापासून परत इंधन बनवता येतं. वनस्पती सूर्यप्रकाशाच्या बळावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून साखर बनवतातच. पण जळताना मिळालेली ऊर्जा (वरच्या १६ ग्रॅम मिथेनच्या हिशेबातले ८०० किलोज्यूल) तेव्हा परत भरावी लागते, आणि वाटेतली गळती धरून त्याहून जास्तच. पाण्यावर चालणाऱ्या गाडीच्या बातम्या दर काही वर्षांनी फिरत असतात, त्या इथेच अडकतात. पाणी म्हणजे आधीच जळून झालेला हायड्रोजन. त्याचं विघटन करायला जितकी ऊर्जा लागेल, त्याहून जास्त तो हायड्रोजन पुन्हा जाळून मिळणार नाही, मग गाडीत कुठलंही यंत्र बसवा.