हरलेल्या सामन्यात रेफ्री कसा दिसतो

११ जून २०२४ च्या रात्री दोह्यात भारत आणि कतार फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा सामना खेळत होते. ३७व्या मिनिटाला भारताच्या लालियानझुआला छांगटेनं गोल केला होता आणि ती आघाडी टिकली असती तर भारताचा पुढच्या फेरीतला प्रवेश जवळजवळ नक्की होता. ७३व्या मिनिटाला कतारनं डोक्यानं मारलेला चेंडू भारताचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूनं अडवला. चेंडू घरंगळत गोलखांबाबाहेरून गोलरेषेपलीकडे गेला, आपले खेळाडू चेंडू बाहेर गेला म्हणून थांबले, तेवढ्यात कतारच्या एका खेळाडूनं तो पायानं मागे ओढला आणि युसूफ आयमननं जाळ्यात मारला. दक्षिण कोरियाच्या रेफ्रीनं गोल दिला. त्या सामन्यात व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, नव्हती. ८५व्या मिनिटाला कतारनं दुसरा गोल केला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला.

लातुरात क्लाससाठी राहणाऱ्या पोरांच्या खोल्यांमध्ये, नांदेडच्या टपऱ्यांवर, संभाजीनगरच्या कॉलेजांच्या कट्ट्यावर हा विषय अजूनही निघतो. ‘लाईनच्या पार बाहेर गेलता बॉल! इथं बसून आपल्याला दिसायलंय, त्याला तिथं उभं राहून दिसंना झालं का?’ माझ्या मते दोह्याबद्दलचा हा राग रास्त आहे. पण नेमकं हेच वाक्य पुढच्या आठवड्यात मँचेस्टर किंवा माद्रिदचा क्लब हरला की पुन्हा ऐकू येतं, आणि तेव्हा वाद चेंडूच्या जागेचा नसतो. कधी तो धक्क्याचा असतो, कधी हाताला लागलेल्या चेंडूचा. हे सगळे वाद आपण एकाच आवाजात घालतो. त्यामागची कारणं मात्र अगदी वेगवेगळी आहेत.

रेषेचा वाद त्यातल्या त्यात सोपा, कारण तो मोजता येतो. नियम असा की चेंडू जमिनीवरून किंवा हवेतून पूर्णच्या पूर्ण रेषेपलीकडे गेला तरच तो खेळाबाहेर. रेषा जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर रुंद असते आणि चेंडूचा व्यास असतो सुमारे २२ सेंटिमीटर. गोल चेंडू जमिनीला अगदी लहानशा जागी टेकतो. त्याचं पोट मात्र चारही बाजूंना ११ सेंटिमीटर बाहेर आलेलं असतं. त्यामुळे टेकलेली जागा रेषेच्या बाहेरच्या कडेपासून १० सेंटिमीटर लांब असली, मधलं हिरवं गवत स्वच्छ दिसत असलं, तरी वरून पाहिल्यावर चेंडूचा काही भाग रेषेवरच असतो. १ डिसेंबर २०२२ ला जपान-स्पेन सामन्यात हेच घडलं. जपानच्या मितोमानं परत ओढलेला चेंडू बाजूच्या कॅमेऱ्यात बाहेर दिसत होता, पण तो १.८८ मिलिमीटरनं आत होता. त्यावर झालेला गोल वैध ठरला, जपान जिंकलं आणि जर्मनी स्पर्धेबाहेर पडली. दोह्यातला चेंडू या मिलिमीटरच्या हिशेबातला नव्हता. रीप्लेमध्ये तो उघड बाहेर दिसत होता. तिथं एक नीट लावलेला कॅमेरा पुरला असता, म्हणून ती चूक जास्त बोचते.

ऑफसाइडची गोष्ट याहून कितीतरी गुंतागुंतीची आहे, आणि मैदानाच्या कडेला झेंडा घेऊन पळणाऱ्या लाइन्समनला सगळ्यात जास्त शिव्या याच निर्णयावरून बसतात. पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो, नेमक्या त्या क्षणी तीस-चाळीस मीटर लांबचा आक्रमक गोलरक्षक धरून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड, होता का, हे त्याला सांगायचं असतं. त्यासाठी पास देणारा, पास घेणारा, दोन बचावपटू आणि चेंडू एवढ्यांवर एकाच वेळी लक्ष हवं. मानवी डोळ्याला बारकाईनं दिसतं ते नजरेच्या मधल्या छोट्याशा भागातच, त्यामुळे नजर एकीकडून दुसरीकडे फिरवावीच लागते. तेवढ्या वेळात खेळाडू पळतच असतात.

त्यात मेंदू आणखी भर घालतो. समजा, पडद्यावर एक ठिपका सरकतो आहे आणि तो एका जागी येताच त्याच्या अगदी शेजारी दुसरा ठिपका क्षणभर चमकवला. दोन्ही एका रेषेत असूनही आपल्याला सरकणारा ठिपका पुढे गेलेला दिसतो. रोमी निझावन यांनी १९९४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा प्रयोग मांडला तेव्हापासून त्यावर बराच अभ्यास झाला आहे. असं का दिसतं यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण असं दिसतं याबद्दल नाहीत. २००२ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी हा परिणाम थेट लाइन्समनच्या झेंड्याशी जोडला. पास सुटणं हा क्षणाचा प्रसंग आणि पळणारा आक्रमक ही सरकणारी वस्तू. आक्रमक सेकंदाला ८ मीटर वेगानं पळत असेल आणि मेंदूच्या हिशेबात सेकंदाच्या विसाव्या भागाचा फरक पडला, तर तो खऱ्या जागेपेक्षा ४० सेंटिमीटर पुढे दिसेल. अशा वेळी झेंडा वर जातो. लाइन्समनला खरोखरच तसं दिसलेलं असतं.

याच्याही आधी, २००० साली, नेदरलँड्सच्या संशोधकांनी लाइन्समनच्या उभं राहण्याच्या जागेवर बोट ठेवलं होतं. तो बचावपटूच्या बरोबर समोर न राहता मीटरभर गोलच्या बाजूला सरकलेला असला की त्याची नजर मैदानावर तिरकी पडते. मग बचावपटूच्या पलीकडून पळणारा आक्रमक मागे असूनही पुढे दिसतो आणि अलीकडून पळणारा पुढे असूनही मागे दिसतो. डोळे कितीही तेज असले तरी ही भूमिती बदलत नाही. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांमध्ये पीटीचे सर किंवा मोठ्या वर्गातला एखादा पोरगा झेंडा घेऊन उभा असतो. त्याला कुणी एवढंच शिकवलं की चेंडूमागं पळू नको, शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीनं पळ, तर निम्मे वाद उठायचेच नाहीत असं मला वाटतं.

कॅमेऱ्यालाही मर्यादा आहे. सेकंदाला ५० चित्रं घेतली तर दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. आक्रमक ८ मीटरच्या वेगानं पुढे आणि बचावपटू ४ मीटरच्या वेगानं उलट दिशेला पळत असला, तर तेवढ्यात त्यांच्यातलं अंतर २४ सेंटिमीटरनं बदलतं. मग पडद्यावर बुटाच्या टोकावरून ओढलेल्या रेषेवर किती विश्वास ठेवायचा? ही अडचण ओळखूनच २०२२ च्या कतार विश्वचषकात चेंडूच्या आत सेकंदाला ५०० वेळा नोंद करणारा सेन्सर बसवला होता. छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू टिपत होते.

इथवर झालं ते मोजता येण्यासारखं. फाउलचं तसं नाही, आणि माझ्या मते खरा गुंता इथं आहे.

२३ नोव्हेंबर १९५१ ला अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांमध्ये सामना झाला. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, पण माणसं आपल्यासारखीच. सामना धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या नावाजलेल्या खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि दिसतील तेवढे नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग डार्टमथच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले. मोजताना कुणी खोटं बोलत होतं असं नाही. १९५४ साली आलेल्या त्यांच्या निबंधाचा रोख असा होता की दोघांनी एकच सामना पाहिला हे म्हणणंच चुकीचं आहे.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधक आणखी खोलात गेले. लोकांचे नुसते दोन संघ पाडले आणि हाताच्या हालचालींचे व्हिडिओ दाखवून कोणाचा हात आधी हलला हे विचारलं. वेळ अगदी सारखी असतानाही काहींना आपल्या संघातला माणूस जास्त वेगवान वाटला. त्यांच्या मेंदूतला फरक उत्तर देताना नव्हे, तर हालचाल पाहतानाच दिसत होता. म्हणजे आधी खरं पाहून मग आपल्या बाजूनं बोलावं असं घडत नव्हतं. बाजू पाहण्यातच शिरली होती. हे संघ तर नुसते प्रयोगापुरते पाडलेले. लहानपणापासून ज्याच्या नावाचा टीशर्ट घातला त्या क्लबबद्दल काय होत असेल!

रेफ्रीही माणूसच. मराठवाड्यातल्या जत्रेत कबड्डीचं मैदान ज्यानं पाहिलं आहे त्याला हे सांगायला नको: यजमान गावाचा चढाईपटू परत येतो, सगळं गाव एकदम ‘टच, टच’ ओरडतं, आणि पंचाला त्या कल्लोळातच हात वर करायचा असतो. इंग्लंडमध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचंच माप काढलं. ४० रेफ्रींना लिव्हरपूलच्या मैदानावर झालेल्या लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. पाहुण्यांविरुद्धचे फाउल मात्र लक्षणीय वाढले नाहीत. म्हणजे गर्दी रेफ्रीला पाहुण्यांवर सोडत नाही, यजमानांविरुद्ध शिट्टी वाजवताना त्याचा हात अडवते. मे २०२० मध्ये करोनामुळे जर्मनीची फुटबॉल लीग बुंडेसलिगा रिकाम्या स्टेडियममध्ये सुरू झाली, पाठोपाठ इतर देशांच्या लीग आल्या. तेव्हा पाहुण्या संघांना जास्त कार्ड मिळण्याचं प्रमाण घटलेलं आढळलं.

मग स्लो मोशननं तरी प्रश्न सुटतो का? मोबाईलवर आपण तोच धक्का दहा वेळा हळू करून बघतो आणि दर वेळी तो जास्त मुद्दाम मारल्यासारखा वाटतो. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या संशोधनात हे स्पष्ट दिसलं. कृती हळू दाखवली की करणाऱ्याला विचार करायला भरपूर वेळ होता असं पाहणाऱ्याला वाटतं, आणि त्याचा हेतू आपोआप वाईट ठरतो. २०१८ साली बेल्जियमच्या संशोधकांनी कसलेल्या रेफ्रींवरच प्रयोग केला. फाउल होता की नाही हे ओळखण्यात वेगामुळे फारसा फरक पडला नाही, पण स्लो मोशन पाहणाऱ्यांनी लाल कार्ड जास्त वेळा काढलं. व्हीएआरच्या नियमावलीतही हीच खबरदारी आहे: पाय कुठं लागला, चेंडू रेषेबाहेर गेला का, यासाठी स्लो मोशन, धक्का किती जोराचा किंवा हॅण्डबॉल द्यायचा का, यासाठी नेहमीचा वेग. चहाच्या टपरीवर क्लिप फिरवतानाही हा नियम पाळावा असं मला मनापासून वाटतं.

काही वादांना यातलं काहीच लागू होत नाही, तिथं नुसतं नियमाचं पुस्तक लागतं. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूत यजमान संघाच्या सुनील छेत्रीनं समोरच्या खेळाडूंची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला, तेव्हा केरळ ब्लास्टर्स हा विरोधी संघ मैदान सोडून गेला आणि पुढे त्यांना ४ कोटी रुपयांचा दंड झाला. रेफ्रीनं थांबायला सांगितलं नसेल तर शिट्टीची वाट न पाहता फ्री किक मारता येते.

हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांचा प्रयोग आपल्याकडच्या कोणत्याही हॉस्टेलवर करता येईल. एखाद्या चुरशीच्या सामन्याची दहा मिनिटं निवडायची, शक्यतो कुणी न पाहिलेली. दोन्ही क्लबांचे चाहते आणि तिसरे ज्यांना दोन्हींशी देणंघेणं नाही असे, तीन वेगळ्या खोल्यांत बसवायचे. प्रत्येकाच्या हातात कागद. एकमेकांशी बोलायचं नाही, क्लिप मागं न्यायची नाही, नेहमीच्या वेगानं एकदाच बघायची आणि दिसेल तो फाउल वेळेसह, कोणत्या संघाचा ते लिहायचा. प्रत्येक खोलीतल्या अर्ध्या पोरांनी क्लिप आपापल्या मोबाईलवर आवाज बंद करून बघायची. मग सगळे कागद एकत्र करून आधी हे शोधायचं की तिन्ही खोल्यांत सगळ्यांनी लिहिलेले फाउल किती, आणि नंतर हे की एकाच खोलीला दिसलेले किती.