पार्श्वभूमी : टाकाऊ, टिकाऊ आणि मुठेतलं कासव

भंगारातून शिल्प घडवणं जुनंच आहे. सायकलची सीट आणि हँडल जोडून पॅरिसमध्ये १९४२ साली पिकासोने बैलाचं डोकं केलं. चंदीगडला रस्ते खात्यातल्या एका निरीक्षकाने १९५७ पासून फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि राडारोडा गोळा करून गुपचूप अख्खी बाग उभी केली. त्या दोघांना पर्यावरणाबद्दल काही सांगायचं नव्हतं. प्राण्याची व्यथा कचऱ्याच्या तोंडून वदवण्याची रीत नंतरची, आणि ती रुजली मुख्यतः समुद्रकाठी. तिथून ती इकडे पुण्याच्या नदीकाठी आली तेव्हा देवमासा, डॉल्फिन आणि वल्ह्यांसारख्या पायांचं कासवही सोबत घेऊन आली.

पुण्यात तिला चिकटला तो शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाचा शब्दप्रयोग : ‘टाकाऊतून टिकाऊ’. यमक छान जुळतं, घोळही तिथेच होतो. नदीतल्या प्लास्टिकचा दोष काय, तर ते टिकतं. शाडू की प्लास्टर यावर वर्षानुवर्षं भांडणाऱ्या शहराला मूर्तीचं टिकणं ही अडचण ठरू शकते, हे खरं तर सांगायला नको. तरी बाटल्यांचा मासा उभा राहिला की कौतुक त्याच्या टिकाऊपणाचंच होतं.

‘टाकाऊ’ही तितकंच निसरडं. भंगारवाल्याच्या लेखी कचरा वेगळा आणि भंगार वेगळं : भंगाराला भाव असतो. लोखंड, पत्रा, पाण्याच्या बाटल्या कोणी ना कोणी विकत घेतं. शहरातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ ची, घरोघरचा कचरा उचलणारी त्यांची सहकारी संस्था २००८ ची, आणि या व्यवस्थेचं गणित त्या भावावरच चालतं. म्हणजे जुन्या बाजारातून गिअर आणि साखळ्या आणून केलेला मासा देखणा असेल, पण त्या साखळ्या तशाही भट्टीत जाऊन पुन्हा लोखंड झाल्याच असत्या. ज्याला कोणी हात लावत नाही ते म्हणजे वेफर्सची चकचकीत पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, चिखलाने माखलेल्या पिशव्या. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जाऊन वर आला की कठड्याला लोंबकळत असतं ते हेच. त्याला आकार देणं अवघड, म्हणून शिल्पात ते क्वचितच येतं. शिवाय शिल्पाशेजारच्या फलकावर ‘रिसायकल’ लिहिलं, तरी बाटली कापून खवला केला तर तो झाला पुनर्वापर. पुनर्चक्रण म्हणजे वस्तू वितळवून नवा कच्चा माल करणं. कीस काढल्यासारखं वाटेल, पण २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आल्यानंतर हे शब्द सरसकट एकमेकांच्या जागी वापरले जाऊ लागले आणि कुठलीही बाटल्यांची कमान ‘पर्यावरणपूरक’ झाली.

आता प्राणी. इथे पुण्याला उसनवारीची गरजच नाही. मुंबई सरकारच्या एका संख्याशास्त्री अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा कित्येकांची इथली नावं लॅटिन शास्त्रीय नावांत तशीच घेतली : खुद्री, मुल्या, शिंगटी, गुंगवारी. त्यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, आणि ज्यावरून त्याचं वर्णन झालं तो नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला. पुढे, बैलाचं ते डोकं घडलं त्याच १९४२ मध्ये, पुण्याच्या माशांवर स्वतंत्र लेखही छापून आला. मधल्या काळात खडकवासल्याचं धरण झालं होतं, नंतर वर पानशेत आणि वरसगाव आले. प्रवाह आटला, सांडपाणी वाढलं, त्याची गोष्ट वाचकांना पाठ आहे.

१८७२ मध्ये शास्त्रात नोंदलं गेलेलं एक मऊ पाठीचं कासवही पुण्याच्याच नमुन्यावरून. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्तांत होते. आपल्याकडच्या शिल्पांत मात्र बाटल्यांची बुचं चिकटवून पाठीवर ठसठशीत चौकटी केलेलं कासवच पुन्हा पुन्हा येतं. पुण्याच्या या कासवाच्या पाठीवर तसल्या कडक चौकटी नसतातच, वर कातडं असतं. एके काळच्या सायकलींच्या शहरात त्या कातड्यासाठी सायकलची जुनी ट्यूब सहज मिळावी.

नदीसुधार आणि नदीकाठ सुशोभीकरणाच्या प्रकल्पांचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं, आणि काठाला सजवायचं की सोडून द्यायचं हा वाद रस्त्यावर आला. शिल्पंही आपसूक त्यात ओढली गेली. काठावर प्लास्टिकचा मासा उभा केला की लोक थांबून बघतात, ही एक बाजू. दुसरी बाजू पाण्याची. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात, पण जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं तेव्हा त्यात काय काय वाहून गेलं, ते तिथल्या लोकांनी पाहिलं आहे. उन्हाने ठिसूळ झालेले बाटल्यांचे खवले अशा पाण्यात सुटले, तर ते जाणार खाली, भीमेत आणि तिथून उजनीच्या जलाशयात. शिल्प उभारण्याच्या परवानगीत ते पावसाळ्याआधी कोणी उचलायचं, हेही लिहून घ्यायला हवं.