नवी पेशी जन्मते, पण पोचत नाही

आमच्या राजेंद्रनगरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुकतीच एक जाहिरात फिरली: ‘लकव्यावर खात्रीशीर इलाज, स्टेम सेलचं इंजेक्शन, मेंदू नव्यानं वाढतो.’ खाली हात जोडल्याचे शिक्के, आणि एका काकांनी लगेच पत्ताही मागितला. इथे इंदुरात घरोघरी लकव्याचा एखादा पेशंट असतोच, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण मेंदूत पेशी टोचली की काम झालं, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा.

मेलेली चेतापेशी परत येत नाही, असं आपण शाळेत शिकलो. 1960च्या दशकात जोसेफ ऑल्टमन यांनी मोठ्या उंदरांच्या मेंदूत नव्या चेतापेशी दाखवल्या, तरी बरीच वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. 1998 साली एरिकसन आणि गेज यांना माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्येही, म्हणजे आठवणींशी जोडलेल्या मेंदूच्या भागात, त्या सापडल्या. माणसात त्या नेमक्या किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. ते भांडण सोडू, कारण खरी मौज पुढे आहे.

उंदराच्या मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात, आपल्याही असतात. उंदरात या पोकळ्यांच्या भिंतीलगत मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, जन्मभर नव्या चेतापेशींची पिल्लं घालत राहतात. पण या पिल्लांची नोकरी तिथे नाही, ती पार पुढे नाकामागच्या घ्राणकंदात, म्हणजे वास ओळखणाऱ्या भागात. अंतर काही मिलिमीटर, आणि पेशीचं अंग मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याएवढं. वाटेत जुन्या मेंदूची गच्च वस्ती. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी सापडलेला माणूस जसा स्वतः चालत नाही, पुढच्याच्या पाठीला धरून सरकतो, तशा या पेशी साखळी करून एकमेकींच्या अंगावरून सरकतात. दोन्ही बाजूंना ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशींची भिंत असते.

एकच पेशी जवळून पाहू. ती आधी पुढे एक लांब सोंड काढते. सोंडेच्या बुडाशी फुगवटा येतो आणि सेंट्रोसोम, म्हणजे पेशीतल्या आधारतंतूंचा खुंटा, सरकून त्यात जाऊन बसतो. केंद्रक अजून मागेच असतं. मग मागच्या बाजूला मायोसिन आवळतं, म्हणजे आपल्या स्नायूंना आखडवणाऱ्या प्रथिनाचंच भावंड, आणि केंद्रक एका झटक्यात पुढे येतं. मग जरा विसावा, पुन्हा सोंड, पुन्हा झटका.

दिशा कशी कळते? पोकळीच्या भिंतीवरचे सूक्ष्म केस एका लयीत हलून पाणी पुढे ढकलतात. त्या प्रवाहामुळे स्लिट नावाच्या प्रथिनाचं प्रमाण मागे जास्त, पुढे कमी असं राहतं. हे प्रथिन पेशींना दूर लोटतं, म्हणून त्या पुढे निघतात. जपानचे काझुनोबू सावामोतो आणि सहकाऱ्यांनी हे 2006 मध्ये दाखवलं. त्याहून भारी गोष्ट पुढच्या संशोधनातून कळली: प्रवासी पेशी स्वतःही स्लिट-1 हा स्लिटचाच प्रकार सोडते. ॲस्ट्रोसाइटवर ते पकडणारी रोबो नावाची प्रथिनं असतात. स्लिट-1 तिथे जाऊन बसलं की ॲस्ट्रोसाइटच्या आतला ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा विस्कटतो आणि ती अंग चोरून वाट देते. म्हणजे बोगदा नुसता मिळत नाही, पेशी तो राखतही जाते.

आता लकवा. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून एक भाग मेला की उंदरात काही पिल्लं घ्राणकंदाची वाट सोडून खरोखर जखमेकडे वळतात. 2002 मध्ये स्वीडनच्या लुंड इथल्या शास्त्रज्ञांनी मोजदाद केली. आलेल्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त काही आठवड्यांत मेल्या होत्या. मेलेल्या चेतापेशींपैकी भरून निघाल्या जेमतेम 0.2 टक्के. एक अडचण अशी की जखमेभोवती ॲस्ट्रोसाइट सुजून दाट जाळं विणतात आणि प्रवासी पेशींचं स्लिट तिथे पुरं पडत नाही. 2018 मध्ये सावामोतोंच्या गटानं या पेशींना जनुकाच्या मदतीनं जास्त स्लिट-1 बनवायला लावलं. त्या जखमेच्या जवळ पोचल्या आणि उंदरांची हालचाल सुधारली.

म्हणून जाहिरातीतल्या इंजेक्शनवर माझा विश्वास नाही. नुसती पेशी आत सोडून भागत नाही. तिला वाट, दिशा आणि पोचल्यावर जोडणी लागते. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही रक्तविकार वगळता स्टेम सेल उपचार फक्त मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात. पैसे घेऊन लकव्यावर देणं त्यात बसत नाही. लकव्यावर पारव्याचं रक्त चोळणाऱ्यांत आणि या मंडळींत मला एवढाच फरक दिसतो की यांचं बिल मोठं असतं. तोंड वाकडं झालं, हात गळला, तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं औषध मिळू शकतं. पारवा पकडण्यात तीच वेळ जाते.

माणसाची अडचण आणखी वेगळी आहे. 2011च्या एका अभ्यासानुसार आपल्या बाळांमध्येही पेशींचा हा लोंढा असतो, पण दीड वर्षाच्या सुमारास तो आटत जातो आणि मोठेपणी जवळपास उरत नाही. म्हणजे वाट काढायची ती बाहेरून आणलेल्या पेशींसाठी, किंवा जागेवरच्या दुसऱ्या पेशींना चेतापेशी बनवून. नवजात उंदरांच्या जखमेत एन-कॅडहेरिन हे चिकट प्रथिन असलेला स्पंज ठेवल्यावर पेशी त्याला धरून आत शिरल्या आणि त्या उंदरांची चाल सुधारली. माणसाच्या मेंदूत ही जखम कित्येक सेंटिमीटरची असू शकते.