‘त्रावणकोर’ एवढाच पत्ता : एका झुडूपबेडकाच्या नमुन्याची पार्श्वभूमी

पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडील वर्षावनांत राहणारा, पाठीने हिरवागार आणि मांड्यांवर निळसर झाक असलेला राओर्केस्टेस चॅलाझोड्स हा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा झुडूपबेडूक १३६ वर्षांनी पुन्हा सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. एवढ्या दीर्घ अज्ञातवासाचे एक कारण जंगलात आहे आणि दुसरे लंडनच्या संग्रहालयातील नोंदीत.

एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्याच्या वनखात्यातील कर्नल रिचर्ड बेडोम यांच्यासारखे अधिकारी डोंगरांतून साप, सरडे, बेडूक गोळा करून ब्रिटिश म्युझियमकडे धाडत आणि तेथे अल्बर्ट ग्युंथर त्यांची शास्त्रीय वर्णने लिहीत. या बेडकाचे वर्णनही ग्युंथर यांनीच १८७६ मध्ये इक्झालस चॅलाझोड्स या नावाने केले. नमुन्याचे स्थळ म्हणून मात्र ‘त्रावणकोर’ एवढाच शब्द उरला. हे संस्थान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरचे, किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत पसरलेले. त्यातले नेमके कोणते रान, किती उंची, कोणते झाड, हे त्या एका शब्दावरून कसे कळावे? शिवाय अल्कोहोलमध्ये कातडीतील पिवळे रंगद्रव्य विरघळते आणि हिरवे बेडूक निळसर पडतात, त्यामुळे बरणीतल्या रंगावरून जिवंत बेडूक ओळखायला जाणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

तरीही हा जुना नमुना जपला गेला, हे महत्त्वाचे. नव्याने सापडलेला बेडूक तोच आहे की वेगळा, हा वाद शेवटी मूळ आधारनमुन्यापाशीच, म्हणजे ज्यावरून त्या जातीचे पहिले वर्णन लिहिले गेले त्या नमुन्यापाशीच, मिटतो. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातील सी. आर. नारायण राव यांनी १९३७ मध्ये दक्षिण भारतातील अनेक नव्या बेडकांची वर्णने प्रसिद्ध केली, पण त्यांचे आधारनमुने पुढे हरवले आणि त्यांनी दिलेल्या काही नावांचा नेमका धनी कोण, हे ठरवणे नंतरच्या संशोधकांना जड गेले. २०१० मध्ये झुडूपबेडकांच्या अनेक जाती सामावणाऱ्या नव्या प्रजातीला (जीनसला) राव यांच्याच स्मरणार्थ राओर्केस्टेस हे नाव मिळाले. ज्यांचे स्वतःचे नमुने टिकले नाहीत त्यांचे नाव असे लंडनमध्ये टिकलेल्या नमुन्याला लागले, हा योगायोग विलक्षणच.

त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातील एस. डी. बिजू यांच्या पुढाकाराने हरवलेल्या उभयचरांची देशव्यापी शोधमोहीम सुरू झाली आणि तीत हा बेडूक हाती लागला. जंगलातले कारण त्यानंतर उलगडले. तमिळनाडूतील कळक्काड-मुंडंतुरै व्याघ्र प्रकल्पात केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की हे बेडूक ऑक्लँड्रा प्रजातीच्या बांबूच्या पेरांतील अरुंद फटींतून आत शिरतात, मादी आतल्या पोकळीत अंडी घालते आणि नर तेथेच थांबून ती राखतो. अंड्यांतून भैकेर (पाण्यात पोहणारी शेपटीची पिल्ले) न निघता थेट चिमुकले बेडूकच बाहेर पडतात, त्यामुळे ओढ्या-डबक्यांत या जातीचा माग काढू पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.