मलई आणि खळ: कुस्करलेल्या बटाट्याबद्दलची एक चिवट गफलत

बटाटे उकडणे आणि कुस्करणे ज्याला येत नाही असा माणूस मॅश्ड पोटॅटोवरचा लेख वाचायला बसत नाही, तेव्हा त्या भागावर मी शब्द खर्च करणार नाही. सारख्या आकाराचे तुकडे करावेत, ते थंड पाण्यातच घालून मग आच लावावी, पाण्यात मीठ टाकावे आणि सुरी सहज आरपार जाईपर्यंत शिजवावे, एवढे पुरे. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांबद्दल, कारण त्या अवधीत एकाच पातेल्यातून दोन अगदी वेगळे पदार्थ निघू शकतात. एक मलईसारखा असतो आणि दुसरा कागद चिकटवायच्या खळीसारखा. कृती सांगणारे मात्र दोघांनाही ‘मऊसूत’ म्हणतात आणि ‘जितके घोटाल तितके मलईदार होईल’ असे बिनदिक्कत लिहून मोकळे होतात. हे वाक्य दिसले की पुढची कृती मी वाचतच नाही.

बटाटा म्हणजे असंख्य सूक्ष्म पेशींचा गठ्ठा. प्रत्येक पेशीच्या पोटात स्टार्चचे कण असतात आणि दोन पेशींच्या मधे पेक्टिन असते, भिंतीतल्या विटांमध्ये चुना असावा तसे. शिजताना साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्टार्चचे कण पाणी शोषून टम्म फुगतात, पण ते पेशीच्या आतच राहतात. तापमान आणखी वाढून पाणी उकळीच्या जवळ गेले की मधले पेक्टिन विरघळू लागते आणि पेशी एकमेकींपासून सुट्या व्हायला तयार होतात. नीट शिजलेला बटाटा बोटांच्या हलक्या दाबाने भुगा होतो, तो याचमुळे. अशा वेळी पेशी नुसत्या सुट्या केल्या, तर प्रत्येक पेशी आपला फुगलेला स्टार्च पोटात घेऊन अखंड राहते आणि जिभेला ती कणीदार न लागता मऊ लागते. मलई म्हणतात ती हीच. याउलट पेशी फाडल्या, तर आतला स्टार्च बाहेर सांडतो, पाण्यात मिसळतो आणि त्याची खळ होते. सुटे करणे आणि फाडणे हा सगळा फरक आहे. घोटण्याने गुठळ्या मोडतात हे खरे, पण गुठळ्या मोडून झाल्यावरही घोटत राहिले की पुढची पाळी पेशींची येते.

मिक्सरचे पाते हे काम फार वेगाने करते. मी स्वतः एकदा घाईत, उकडलेले गरम बटाटे आणि दूध मिक्सरच्या भांड्यात घालून जेमतेम अर्धा मिनिट फिरवले होते. झाकण काढले तेव्हा वरचा थर आरशासारखा चकाकत होता आणि मला वाटले, वा, जमले. चमचा बुडवून उचलला, तर त्याच्यामागे सगळा गोळा ताणत वर आला आणि पुन्हा सावकाश खाली ओघळला. अजून थोडे दूध घालून फिरवले, तर गोळ्याची फक्त पातळ खळ झाली. लोक नेमके इथेच फसतात: चिकटपणा आला की घोटणे कमी पडले असे समजून ते आणखी घोटतात. फाटलेली पेशी दुधाने वा लोण्याने पुन्हा शिवली जात नाही.

चकाकी हा मलईचा पुरावा नव्हे, उलट ओल्या प्लॅस्टिकसारखी चमक दिसली तर सावध व्हावे. मलईदार मिश्रण मंद, किंचित मखमली दिसते, चमच्यावर ढिगासारखे उभे राहते आणि चमचा तिरका केला की तुटक कडेने एकदम खाली पडते. खळ तुटत नाही, तिची तार येते. चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळले तरी कळते: एक मऊ पसरतो, दुसरा बोटांना धरून ठेवतो.

म्हणून माझी पसंती पुरणयंत्राला किंवा रायसरला आहे. सोऱ्याप्रमाणे रायसरही बटाटा दाबून छिद्रांतून बाहेर काढतो, म्हणजे प्रत्येक तुकडा एकदाच दाबला जातो आणि सुटतो. साधा हाताचा मॅशरही चालतो, फक्त थोड्या गुठळ्या राहतील त्या राहू द्याव्यात, चार गुठळ्यांनी कुणाचे काही बिघडत नाही. अधिक गुळगुळीत हवे असेल तर त्यानंतर बारीक चाळणीतून दाबून काढावे. फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ यांची गाजलेली प्युरे अशीच, आधी यंत्रातून आणि मग बारीक चाळणीतून निघते आणि तिच्या प्रसिद्ध प्रमाणात १ किलो बटाट्याला २५० ग्रॅम लोणी पडते. तिचा दाखला देऊन मिक्सर लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. हे सारे बटाटा गरम असतानाच उरकावे, कारण थंड होताना पेक्टिन पुन्हा घट्ट होते आणि मग पेशी सुट्या होण्याऐवजी फाटतात.

पाणी निथळल्यावर बटाटे त्याच पातेल्यात मंद आचेवर मिनिटभर हलवून वाफ जाऊ द्यावी. नंतर आधी लोणी आणि मग दूध, हा क्रम मी कधीच मोडत नाही. स्निग्धांशाचा लेप आधी बसला की इकडेतिकडे सांडलेल्या स्टार्चला पाणी लगेच मिळत नाही. दूध गरमच असावे, आणि ते घातल्यावर चमच्याने मिसळण्यापुरतेच हलवावे. घरच्या जेवणाला १ किलोमागे १०० ते १५० ग्रॅम लोणी आणि साधारण २०० मिलिलिटर दूध पुरते. दुधाऐवजी क्रीम घालायचे की नाही हा वाद निरर्थक आहे, ज्याची त्याची चव.

बटाटा पिठूळ जातीचा घेतला तर पेशी सहज सुट्या होतात, चिकण बटाट्याला जास्त दाबावे लागते. जात ओळखू येत नसेल तर १ वाटी मीठ ११ वाट्या पाण्यात विरघळवून त्यात कच्चा बटाटा सोडावा. पिठूळ बुडतो, चिकण तरंगतो.

जास्त खबरदारी घ्यायची असेल त्यांच्यासाठी एक युक्ती आहे: बटाट्याचे काप सुमारे ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावेत, थंड पाण्यात पूर्ण गार करावेत आणि मग नेहमीसारखे शिजवावेत. फुगलेला स्टार्च गार होताना आवळून बसतो आणि पुढे एखादी पेशी फाटली तरी सहजासहजी पाण्यात उतरत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या पेन्सिल्व्हेनियातील प्रयोगशाळेत बटाट्याचे झटपट फ्लेक्स तयार झाले, त्यांच्या प्रक्रियेतही हीच पूर्वशिजवणी आणि गार करणे आहे.

फ्रिजमधून काढलेला घट्ट गोळा पाहून ‘हाही चिकट झाला’ म्हणणारे भेटतात. तो चिकट नसतो, गार होऊन आवळलेला असतो, आणि थोडे गरम दूध घालून मंद आचेवर ठेवला की पुष्कळसा पूर्ववत होतो. खरोखर खळ झालेली मात्र पानात वाढू नये. ती पातळ सुपात घालावी, तिथे दाटपणा आणण्याचे काम ती चोख करते.